न पळणारी जात

जळक्या साखरेचा चहा करताना मी कुणाशी बोलत नाही. माते म्हणजे आमच्याकडची चहाची पत्ती; तिच्या कोरड्या पानांवर साखर पसरायची, वर चुलीतला निखारा ठेवायचा आणि हलवत राहायचं. साखर लाल व्हायला लागली की लगेच उकळतं पाणी. जरा नजर चुकली की सगळं कडूजहर. त्या सकाळी निखारा नुकताच ठेवला होता आणि दारावर मूठ बसली.

फाटकाशी नव्हे, दारावर. फाटकाबाहेर उभं राहून टाळी वाजवायची, घरातून हाक आली की मग आत यायचं, एवढी रीत आमच्याकडे दुष्मनसुद्धा पाळतो. जो फाटक उघडून सरळ दारापर्यंत येतो, तो भांडायलाच आलेला असतो.

सेफेरिनो होता. तळ्यापलीकडे त्याचं घर आणि त्याचे ते शिकारी कुत्रे. खांद्याला बंदूक. काराई आर्सेनियो कुठं आहेत, असं त्यानं विचारलं. आमच्याकडे मानानं पुरुषाला काराई म्हणतात, बाईला न्या; काराई आर्सेनियो म्हणजे माझे यजमान, वस्तीच्या कमिटीचे प्रमुख. पण ते दूध घेऊन डेअरीला गेले होते आणि दुपारशिवाय परतणार नव्हते. मी तसं सांगितलं.

“मग तुम्ही ऐका, न्या देल्फिना. त्या घाणेरडीच्या डुकरिणीनं काल माझा कुत्रा, त्रुएनो, फाडला. अंगणात येऊन पडला बिचारा, आतडी लोंबत होती. मला बघवेना. मी हातसुद्धा लावला नाही, बेनिग्नानंच गोणपाटात गुंडाळून पुरला. आता ती डुकरीण दुपारपर्यंत माझ्या निखाऱ्यावर असेल. फक्त ती बाई कुंपणात जाऊन बसलीय, तिला बाहेर काढायला कुणीतरी हवं.”

कांदा करपल्यासारखा वास आला. मी मागे वळून पाहिलं. साखर काळी पडली होती. पातेलं बाजूला ठेवलं, डोक्याला रुमाल बांधला आणि निघाले. वाटेत पाऊल टाकायच्या आधी त्याला एवढंच म्हटलं, की मी तिथं पोचेपर्यंत बंदूक खांद्यावरून उतरवायची नाही.

ती ‘घाणेरडी’ म्हणजे न्या लेओकादिया. आमच्या वस्तीच्या दक्षिण टोकाला, ताडाच्या खोडांच्या भिंतींच्या खोपटात एकटी राहायची. तिची डुकरीण म्हणजे कप्तानीण नावाची तागुआ, इथल्या रानडुकरांतली एक जात. वास दोघींना एकच यायचा.

तागुआच्या पाठीवर, कंबरेच्या जरा वर, एक ग्रंथी असते. तिच्यातून तेलकट काहीतरी पाझरतं. कळपातली जनावरं रोज सकाळी उलटसुलट उभी राहून एकमेकांच्या त्या जागेवर गालफडं घासतात, म्हणजे सगळ्यांचा वास एक होतो. ज्याला तो वास तो आपला, ज्याला नाही तो परका. मध्ये काही नाही. कप्तानीण हे लेओकादियाच्या पायांशी करायची. लेओकादिया एप्रन लावून, पाय रोवून, देवळात उभं राहावं तशी उभी राहायची, आणि एप्रनवर गुडघ्याच्या जरा वर पिवळट तपकिरी डाग पडायचा. तो कधी निघाला नाही.

एकदाच तिनं तो काढायचा प्रयत्न केला. आमच्या संताच्या उत्सवाला ती साबण लावून नाहली, एप्रन राखेच्या पाण्यात धुतला, कुणाचं तरी अत्तरही लावलं. प्रार्थनेला बेनिग्नाच्या बाकावर बसली. बेनिग्ना म्हणजे सेफेरिनोची बायको, नाकावर नेहमी रुमाल. त्या दिवशी तिनं रुमाल काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “बघा, डुकरीण घरी ठेवून आल्या की किती बरं वाटतं.” लेओकादिया ऐकून घेऊन घरी गेली. कुंपणात पाय टाकला आणि कप्तानिणीनं तिची पोटरी उभी चिरली. ओळखलंच नाही. मी टाके घालायला गेले तर म्हणाली, “चूक माझी. माणसांसाठी आंघोळ केली.” त्यानंतर एप्रनला पाणी लागलं नाही आणि तीही पुन्हा प्रार्थनेला आली नाही.

वस्तीनं तिला टाकलं असं मी म्हणणार नाही, कारण तसं कुणी कधी ठरवलं नाही. फक्त दुकानदार तिला सामान खिडकीतून द्यायला लागला. आणि गार माते पिण्याचा पेला गोलात फिरत तिच्यापाशी आला की लोकांना कामं आठवायची. एका नळीनं सगळे पितात ना. तिनं ओढलेली नळी तोंडात धरायची कुणाची तयारी नव्हती. मी धरायचे. त्याबद्दल तिनं मला कधी बरं म्हटलं नाही. “मास्तरीणबाई, पुण्य मिळवायला येतेस होय माझ्याकडे?” असं विचारायची. मी शहरात शिक्षिकेचा अभ्यास केला आणि इथं येऊन दुधाचं चीज बनवत बसले, हा तिच्या करमणुकीचा मोठा विषय होता.

तिची सगळी हकिगत मला तिच्याच तोंडून कळली, कसाव्याचे कंद सोलताना, तुकड्यातुकड्यानं, मधेमधे शिव्या घालत. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा ती नवऱ्याबरोबर या काटेरानात आली. नवरा इलारियो शिकारी. कातडी उचलायला व्यापाऱ्यांचे ट्रक थेट रानात यायचे तो काळ. शिकाऱ्यांच्या तळावर ती स्वयंपाकीण. कसावा उकडायचा, मांस खारवून तारेवर घालायचं, कातडी ताणून खुंट्यांना ठोकायची.

आमच्या रानात तीन जातींची रानडुकरं. धाकटं कुत्र्यांपुढे पळतं आणि बिळात शिरतं. पांढऱ्या ओठांचं मोठ्या झुंडीनं येतं आणि माणसाला झाडावर चढवतं. तागुआ थोडी असतात, चार-सहाचा कळप, आणि ती पळत नाहीत. पळता येत नाही असं नाही. मानेवरचे केस उभे करून, पाठीला पाठ लावून जागेवर थांबतात आणि दात कडाकडा वाजवतात. जग्वारपुढे तेवढं पुरत असेल. इलारियो एकाच्या पायात गोळी घालायचा आणि सावलीत बसून विडी ओढायचा. बाकीची त्याला सोडून जात नसत. गेली तरी परत येत. विडी संपेपर्यंत कळप संपायचा.

“मूर्ख जात,” असं तेव्हा लेओकादिया म्हणायची. तिनं जेवढी तागुआ खाल्ली तेवढी या वस्तीत कुणी खाल्ली नसतील. तिला जनावरांचा पुळका होता असं कुणाला वाटत असेल तर ते आधीच सोडून द्यावं.

मग एका कोरड्या हिवाळ्यात इलारियो तापानं पडला. तळावरचं पाणी संपत आलं होतं. बाकीचे म्हणाले, आम्ही पुढं होतो, ट्रक घेऊन येतो. पाण्याची पिंपं खेचरांवर चढवली, कातडी चढवली, झोपायच्या झोळ्यासुद्धा नेल्या. सेफेरिनो त्यांच्यात सगळ्यांत लहान, पोरगाच. त्याच्या हाताला काही उरलं नव्हतं म्हणून त्यानं चुलीवरचं पातेलं उचललं, आतल्या शिजत आलेल्या शेंगांसकट.

कुणी परत आलं नाही. इलारियो तिथंच गेला. निवडुंग कसा खायचा ते लेओकादियानं तागुआंना करताना पाहिलं होतं: पान तोंडानं तोडायचं, नाकाडानं मातीत लोळवून लोळवून काटे झाडायचे, उरलेले दातांनी उपटून थुंकायचे. तिनं तेच केलं. त्या ओलाव्यावर चालत ती रस्त्याला लागली.

तेव्हापासून तिनं तागुआंना मूर्ख म्हणणं सोडलं. माणसांना म्हणायला लागली.

पुढं सेफेरिनो याच वस्तीत जमीन घेऊन राहायला आला. ती त्याच्याशी एकच वाक्य बोलायची. दुकानात दिसो, प्रार्थनेत दिसो, त्याच्या लग्नाच्या मांडवात दिसो. “पातेलं आणलंस?” पोरं हसायची. त्याचे कान लाल व्हायचे. इतक्या वर्षांत त्यानं नवं पातेलं नेऊन दिलं असतं तर भांडण मिटलं असतं की नाही, ठाऊक नाही. त्यानं दिलं नाही हे खरं.

कप्तानीण आली ती बुलडोझरच्या वर्षी. पश्चिमेचं रान गुरांच्या कुरणासाठी साफ करत होते. तागुआंचा कळप यंत्रासमोर उभा राहिला. जग्वारसमोर राहतो तसाच, दात वाजवत. लेओकादिया तिकडे सरपणाला गेली होती. तिनं मागे राहिलेलं तांबूस पिल्लू ओच्यात घेतलं आणि चालू लागली. मोठं करून खायचं, असं तिनं मला सांगितलं होतं. मला वाटतं तिला स्वतःलाही तेच वाटत होतं. रोज सकाळी उन्हं वर यायच्या आत ती निवडुंग तोडायला जायची, परतताना मुंग्यांच्या वारुळाची खारट माती टोपलीत आणायची, कारण तागुआला मीठ लागतं आणि ते वारुळाच्या मातीतच गोड लागतं. काटे ती कधी भाजून द्यायची नाही. म्हणायची, “तिला दात दिलेत. मी काय तिची मोलकरीण आहे?” असं म्हणत ती मोलकरणीचं सगळं करायची.

त्या सकाळी मी पुढं आणि सेफेरिनो मागं, असे दक्षिणेकडे निघालो. ऑगस्टचा, आमच्या कोरड्या हिवाळ्यातला, उत्तरेचा वारा पाठीवर होता, धुळीनं भरलेला. अर्ध्या वाटेत पुन्हा तो करपल्या कांद्याचा वास आला. लेओकादियाचं घर अजून लांब होतं, आणि तेही वाऱ्याच्या पुढच्या बाजूला. मी थांबले, चपलेतला खडा काढायचं निमित्त केलं आणि खाली वाकून त्याच्याकडे पाहिलं. विजारीच्या उजव्या पायावर, गुडघ्याच्या जरा वर, पिवळट तपकिरी डाग होता. खडा काढला आणि चालू लागले.

कुंपणाभोवती वस्ती जमली होती. बेनिग्ना रुमाल लावून सगळ्यांच्या पुढं. आत लेओकादिया उलट्या बादलीवर बसली होती, एप्रन लावून, आणि तिच्या गुडघ्याला टेकून कप्तानीण. मोठं डोकं, लांब केसाळ कान, खांद्यावरचा पांढरा पट्टा. नाकाडावर वाळलेलं रक्त. सेफेरिनो दिसला तशी तिच्या मानेवरचे केस उठले आणि दात वाजायला लागले.

“बाजूला हो म्हातारे,” सेफेरिनो म्हणाला.

“पातेलं आणलंस?”

कुणी हसलं नाही. बेनिग्ना म्हणाली, की आज कुत्रा आहे, उद्या कुणाचं मूल असेल. आणि वासाचं तर कुणी बोलतच नाही. दोघातिघांनी माना डोलावल्या. त्यांनाही पोरंबाळं होती. लेओकादियानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. काल निवडुंग घेऊन परतले तेव्हा फाटकाची तार सोडलेली होती, एवढंच ती म्हणाली. सेफेरिनो म्हणाला, थेरडीला बांधायची आठवण राहत नाही. कुत्रा आपला वासाच्या मागं गेला असेल.

मग मी बोलले. “काराई सेफेरिनो, कुत्र्याला तुम्ही हात लावला नाहीत म्हणालात ना?”

“नाही म्हटलं की. बेनिग्नाला विचारा.”

“मग तुमच्या विजारीवर हे काय आहे?”

सगळ्यांनी आधी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि मग लेओकादियाच्या एप्रनकडे. एकच रंग, एकच उंची. बेनिग्नानं रुमाल खाली घेतला, नवऱ्याजवळ जाऊन वास घेतला आणि पुन्हा रुमाल लावला. माझ्या मते त्याला सगळ्यांत जास्त तेच लागलं.

त्यानं कबूल केलं, पण चूक म्हणून नव्हे. नव्या कुत्र्याला शिकारीची सवय पाळलेल्या रानडुकरावरच लावतात. त्याच्या बापानं तसंच केलं, इथल्या प्रत्येक शिकाऱ्यानं तसंच केलं. कुंपणात सोडायचं, डुक्कर गोल गोल पळतं, कुत्रा मागं पळायला शिकतो, दोन फेऱ्या झाल्या की ओढून घ्यायचं. लेओकादिया निवडुंगाला गेलेली पाहून त्यानं तार सोडली होती. पळणाऱ्या धाकट्या जातीवर शिकवायचं ते तो तागुआवर शिकवायला गेला होता. कुत्रा आत गेला आणि कप्तानीण जागची हलली नाही. मग हलली ती पुढं. कुत्र्याला सोडवायला सेफेरिनो आत शिरला तेव्हा तिची पाठ त्याच्या विजारीला घासून गेली होती.

“पळाली का नाही ती?” त्यानं विचारलं. बंदूक हातात घेऊन, खरोखरच अन्याय झाल्यासारखा. “एवढी मोकळी जागा होती. पळायला काय झालं होतं तिला?”

“तू सांग,” लेओकादिया म्हणाली. “पळण्यातलं तुला कळतं.”

तो तिथून गेला. बंदूक घेऊन गेला, आणि गोळी झाडली नाही. पण भांडण काही त्याच्याबरोबर गेलं नाही. बेनिग्ना तिथंच उभी राहिली. माझा नवरा खोटं बोलला, हिची डुकरीण कुत्री फाडते ती फाडतेच, असं तिचं म्हणणं. दुपारी आर्सेनियो आले तेव्हा पुन्हा सगळी जमली आणि तेच बोलली. त्यात खोटं काही नव्हतं. कमिटीसमोर प्रश्न राहिला तो एवढाच: मारायची की घालवायची.

घालवायची, असं मी सुचवलं. उत्तरेला मोठ्या रस्त्यालगत एक जागा आहे. तिथं तागुआंना कुंपणात ठेवतात, पिल्लं होऊ देतात आणि जिथं रान उरलंय तिथं सोडतात. आर्सेनियोंचा दुधाचा ट्रक त्याच रस्त्यानं जातो. मला वाटलं, जीव वाचतोय, लेओकादिया निदान मान तरी हलवेल. ती माझ्या पायाशी थुंकली.

“त्यानं बंदुकीनं न्यायची ठरवली होती. तू गोड बोलून नेलीस. तूच जास्त शिकलेली.”

मला राग आला. तिच्यासाठी मी वस्तीशी वाईटपणा घेतला होता. पण ती म्हणाली ते मला दिवसभर भांडी घासताना आठवत राहिलं.

दुसऱ्या सकाळी आर्सेनियोंनी ट्रक तिच्या कुंपणाला लावला. मागं फळ्यांचा मोठा खोका, दोन्ही बाजूंना सरकती दारं. चार माणसं दोर घेऊन आली होती. लेओकादियानं त्यांना हाकललं. दोर लावलात तर तुमच्यातल्या एकाची पोटरी जाईल आणि मी टाके घालू देणार नाही, असं सांगितलं. मग ती फळीवरून चढून स्वतः खोक्यात गेली. हातात निवडुंगाचं पान. कप्तानीण एकदा घुटमळली, मागं पाहिलं, आणि तिच्या मागोमाग आत गेली. रोजच्यासारखी एप्रनला गालफड घासायला लागली. लेओकादिया पाय रोवून उभी राहिली, तिचं घासून होईपर्यंत. मग पान खाली टाकलं, पलीकडच्या दारातून उतरली आणि दार ओढून घेतलं.

आतून दात वाजायला लागले. कप्तानीण जागेवर उभी होती. कुणावर दात वाजवायचे ते तिला कळत नसावं.

लोक पांगले. बेनिग्ना जाताना म्हणाली की चला, आता मोकळा श्वास घेता येईल. लेओकादिया तिला म्हणाली, आधी नवऱ्याची विजार धू.

आर्सेनियोंबरोबर मी जाणार होते. त्यांनी आमच्या फाटकाशी ट्रक थांबवला, मी शाल आणायला घरात गेले. बाहेर टाळी वाजली. रीतीप्रमाणे, दोनदा, थांबून. वर्षानुवर्षांच्या शेजारात लेओकादिया माझ्या फाटकाशी कधी आली नव्हती. मी आत बोलावलं तर आली नाही. एप्रनशिवाय ती कुणी दुसरीच बाई वाटत होती, जरा बुटकी. एप्रन घडी करून काखेत धरला होता. तो तिनं फाटकावरून माझ्या हातात दिला, आणि माझ्याकडे न पाहता, खोक्याकडे पाहत बोलली.

“तिथल्यांना सांग, हा तिच्या कुंपणात आत टांगायचा. तिच्या नाकाच्या उंचीवर. आणि धुवायचा नाही.”